मी बाबांना टोळीतून काढलं

माझ्या हाताखाली एके काळी एकोणतीस माणसं होती असं आमच्या कार्यालयात सांगितलं तर लोक हसतील. कार्यालयात मी कनिष्ठ सहायक आहे. लोकांच्या दरखास्ती, म्हणजे अर्ज, घ्यायच्या, नोंद करायची, जमिनीच्या कागदांच्या नकला काढून द्यायच्या आणि साहेबांनी हाक मारली की फाईल घेऊन आत जायचं. घर आदिलाबादजवळ मावल्याला, कार्यालय बेल्याच्या रस्त्यावरच्या एका मंडलात, तेलंगणात तालुक्याला मंडल म्हणतात. बसने जायला तास, यायला तास. त्या दोन तासांत वेळ जावा म्हणून मी मोबाईलवर एक गेम घेतला आणि वर्षभरात त्यातल्या एका टोळीची प्रमुख झाले.

ज्यांनी असला गेम पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. त्यात एक काल्पनिक राज्य असतं. जंगलं, पडके किल्ले, गुहा, गुहांमध्ये राक्षस आणि आग ओकणारे पंखवाले अजगर. कुठकुठली माणसं आपापल्या फोनवरून एकाच वेळी त्या राज्यात शिरतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. कोणी तलवारवाला, कोणी जादूगार, कोणी वैद्य. वैद्याने लढायचं नसतं, लढणाऱ्यांच्या जखमा भरायच्या असतात. एकट्याने फार पुढे जाता येत नाही, म्हणून टोळ्या असतात. एका टोळीत जास्तीत जास्त तीस जण. दर रविवारी दुपारी चार वाजता टोळ्यांची किल्ल्यासाठी लढाई व्हायची.

माझं पात्र होतं शिंगांचं शिरस्त्राण घातलेला एक धिप्पाड तलवारवाला. टोळीतले सगळे मला पुरुष समजत आणि भाई म्हणत. मी ते तसंच राहू दिलं. बाई आहे म्हटलं की लोक काय काय विचारतात ते मी दुसऱ्या मुलींचं पाहिलं होतं. त्यामुळे मी कुठली, काय करते, घरात कोण कोण आहे, यातलं काहीच मी तिथे कधी बोलले नाही. लढाईच्या वेळी मी लिहायची, डावीकडून चला, आणि करीमनगरकडचा, नागपूरचा, हैदराबादचा, सगळे डावीकडून चालायचे. ज्या बाईला कार्यालयात पंख्याचं बटण कुणाला विचारून दाबावं लागतं तिला याचं काय वाटत असेल ते मी सांगत बसत नाही.

माझे बाबा मराठी शाळेत शिक्षक होते. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे. त्या घरातून शाळेत गेलेले बाबा पहिले. नोकरी सगळी सीमेवरच्या गावांत झाली. तिकडे मुलं घरी मराठी, बाजारात हिंदी बोलायची आणि दप्तरात तेलुगूचं पुस्तक न्यायची. बाबांना तिन्ही भाषा यायच्या, पण त्यांचं सगळं काम तोंडाचं होतं. वर्गात बोलायचे, विहारात वंदना म्हणायचे, जयंतीला भाषण करायचे. आमच्या वस्तीत लग्न लावायला लोक त्यांना बोलवायचे, कारण त्यांचा आवाज मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय जायचा.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि एका सकाळी दात घासताना त्यांना लकवा मारला. आधी आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला. वीस दिवसांनी घरी आणलं तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा आणि तोंडातून शब्द येत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना सगळं समजतं, हळूहळू वाचताही येईल, फक्त शब्द जिभेपर्यंत येणार नाही. सराव केला तर काही शब्द परत येतील. सराव म्हणजे आईच्या समोर बसून आ, ई, ऊ म्हणायचं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांकडून बाराखडी म्हणवून घेतलेल्या माणसाला ते सहन झालं नाही. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी आई समोर येऊन बसली तशी त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

सुरुवातीला भेटायला माणसं खूप आली. बाबांना ऐकू येत नाही असं समजून ती मोठ्याने बोलायची, मग बोलणं संपायचं, मग आईकडे बघून उठायची. तीन महिन्यांनी येणं थांबलं. बाबा पुढच्या खोलीत दिवाणावर बसून वर्तमानपत्र वाचायचे. एका पानाला त्यांना तास लागायचा, पण ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, जाहिरातीसकट.

एका शनिवारी मी त्यांच्याशेजारी बसून खेळत होते. त्यांची मान माझ्या फोनकडे वळलेली होती. मी मुद्दाम फोन थोडा त्यांच्या बाजूला धरला. माझा तलवारवाला एका पुलावरून चालला होता आणि समोरून येणाऱ्या कुणीतरी हात जोडून वाकून नमस्कार केला. गेममध्ये तशी सोय असते. एक बटण दाबलं की आपलं पात्र वाकतं, दुसरं दाबलं की हात हलवतं, टाळ्या वाजवतं, खाली बसतं. काही तयार वाक्यंही असतात, थांबा, मदत हवी, माझ्यामागे या, अशी. मीही वाकून नमस्कार केला. बाबांनी डावा हात पुढे केला आणि फोन मागितला.

मी माझ्या जुन्या फोनवर त्यांच्यासाठी गेम टाकून दिला. पात्र निवडताना त्यांचा अंगठा चुकून पहिल्याच चित्रावर पडला, आणि ते चित्र होतं हिरवी काठी घेतलेल्या एका वैद्य मुलीचं, पाठीवर लांब वेणी. बदलून देऊ का म्हणून मी विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. आई स्वयंपाकघरातून बघायला आली आणि म्हणाली, "पाहा, पोरीचं सोंग घेतलं तुह्या बाबानं." बाबा हसले. लकव्यानंतर तोंड एका बाजूला ओढलं जायचं म्हणून ते हसणं टाळायचे, पण त्या दिवशी हसले.

नवीन माणूस त्या राज्यात आला की तो आधी एका छोट्या गावात उतरतो. तिथे एक नदी, एक लाकडी पूल, आणि शिकण्यापुरते दोन-चार लांडगे असतात. बाबांनी त्या पुलावर उभं राहून पहिल्या येणाऱ्याला नमस्कार केला. तो पालीच्या तोंडाचा कुणीतरी योद्धा होता. त्यानेही नमस्कार केला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत बटण दाबलं. त्यानेही परत केला. असं सात-आठ वेळा झालं. घरात येणारा प्रत्येक जण बाबांच्या न बोलण्याने अवघडायचा, आणि तिथे कुणाला त्याचं काही नव्हतं. तिथे अर्धे लोक बोलतच नाहीत, बटणांवर भागवतात.

दोन महिन्यांत ते बरेच शिकले. वैद्याचं काम सोपं नाही. कोण किती जखमी आहे त्याच्या रेघा पडद्याच्या कडेला दिसत असतात, त्या बघून ज्याची रेघ कमी होईल त्याच्यावर उपचाराचा हिरवा उजेड सोडायचा. बाबा ते डाव्या अंगठ्याने करायचे, फोन मांडीवरच्या उशीला टेकवून. आईला फोनमधलं काही कळत नव्हतं, पण ती शेजारच्या बाईला सांगायची की आता माणसात आले ते. डाव्या हाताने घास घेणंही त्यांना त्याच दिवसांत जमायला लागलं.

मग मी त्यांना माझ्या टोळीत घेतलं. एक जागा रिकामी होती. टोळीत कुणाला काही सांगितलं नाही. एक नवीन वैद्य घेतला आहे, एवढंच लिहिलं. मी बसमधून उतरून घरी आले की चहा होईपर्यंत आम्ही खेळायचो, ते पुढच्या खोलीत, मी आतल्या. त्यांना माझं पात्र ओळखू यायचं आणि ते नेहमी माझ्या मागे चार पावलांवर उभे असायचे. मला लागलं की हिरवा उजेड यायचा. त्या दोन-तीन महिन्यांत मी त्यांच्या जितकी जवळ होते तितकी कळायला लागल्यापासून कधी नव्हते. एकदा आम्ही दोघांनीच एक राक्षस मारला, आणि दुसऱ्या खोलीतून त्यांच्या हाताने दिवाणावर मारलेली थाप मला ऐकू आली.

अडचण अशी होती की ते हळू होते. एका अंगठ्याने खेळणारा माणूस दोन हातांनी खेळणाऱ्यांइतका चपळ कुठून होणार. त्यांचा स्वभावही आडवा यायचा. वैद्याने आधी प्रमुखाला आणि मोठ्या लढवय्यांना सांभाळायचं असतं, मग बाकीच्यांना. हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा कच्चा राहिला की पुढे न जाणारे ते मास्तर, ते जो सगळ्यात मागे पडला असेल त्याच्याकडे जायचे.

एका गुहेत आमचं असंच झालं. ठरलेल्या वेळात आतल्या दारापर्यंत पोचायचं होतं, नाहीतर दार बंद होणार होतं. आमच्यातला एक अगदी नवीन खेळाडू वाटेत पडला. त्याच्यासाठी थांबायची गरज नव्हती. बाबा थांबले. त्याच्यावर उजेड सोडत राहिले, तो उठेपर्यंत. इकडे वैद्य नसल्यामुळे आमचे दोन जण पडले, आणि दार बंद झालं. महिनाभर आम्ही त्या गुहेच्या मागे होतो.

टोळीत माझ्या खालोखाल एक उपप्रमुख होता, करीमनगरकडचा. माणूस वाईट नव्हता. रविवारच्या लढाया तोच आखायचा. त्याने मला वेगळं लिहून विचारलं की हा वैद्य कोण आहे, तो कुणाला बघतो. मी लिहिलं, सुधारेल.

त्यानंतरच्या रविवारची लढाई मोठी होती. जिंकलो असतो तर आमची टोळी त्या सर्व्हरवर, म्हणजे आमच्या त्या राज्यातल्या सगळ्या टोळ्यांत, पहिली येणार होती. लढाईच्या अर्धा तास आधी नागपूरच्या एका जादूगाराने यायची तयारी दाखवली. तो फार मोठा खेळाडू होता. त्याची आधीची टोळी फुटली होती, आणि त्याला आमच्याकडे यायचं होतं. आमच्या तीस जागा भरलेल्या होत्या. उपप्रमुखाने आता वेगळं लिहिलं नाही. सगळ्यांना दिसणाऱ्या टोळीच्या गप्पांत लिहिलं की त्या हळू वैद्याला काढा, तो आहे तरी कोण, भाईच्या ओळखीचा आहे का.

मी आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. मधलं दार उघडं होतं. बाबा पुढच्या खोलीत होते, आठ-नऊ पावलांवर, आणि त्यांच्याही फोनवर तेच पान उघडं होतं. मी हिंदीत लिहिलं:

"पता नहीं, कोई रँडम है. निकालता हूँ."

रँडम म्हणजे कुणीतरी. वाटेवरचा, कुठूनही आलेला. तिथे अनोळखी माणसाला हाच शब्द वापरतात. मी लिहिलं आणि त्यांच्या नावावर बोट ठेवलं. नक्की काढायचं का, असं गेमने विचारलं. मी हो दाबलं.

बाबा गप्पा वाचत नाहीत असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. गप्पा भरभर वर सरकतात, त्यांना एवढ्या वेगाने वाचता येणार नाही, असं. पण वर्तमानपत्राची जाहिरातही न सोडणारा माणूस आपल्या टोळीत काय बोललं जातं ते सोडेल का, हे मला कळत होतं. आणि लढाई झाली की उद्या परत घेऊ, असंही मी ठरवलं होतं. ते खरंच ठरवलं होतं. म्हणूनच ते इतक्या सहज झालं.

आम्ही लढाई जिंकलो. तीन तास गेले त्यात. मी आनंदाने बाहेर आले तेव्हा बाबांचा फोन उशीवर पालथा होता आणि ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. आईने चहाचा कप माझ्या हातात दिला, त्यांना दे म्हणून. मी दिला. त्यांनी डाव्या हाताने घेतला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आम्ही पहिले आलो एवढं तरी. मी कप रिकामा होईपर्यंत उभी राहिले आणि तो उचलून आत नेला.

सोमवारी बसमध्ये बसून मी टोळीची यादी पाहिली. त्यात एक जण असा होता जो तीन आठवडे फिरकलाच नव्हता. त्याला काढून बाबांची जागा करता आली. ती रविवारीही करता आली असती. मी यादी पाहिलीच नव्हती. मी बाबांना टोळीत येण्याचं आमंत्रण पाठवलं. असं आमंत्रण तीन दिवस राहतं, मग आपोआप जातं. ते गेलं. मी परत पाठवलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा पाठवल्यावर मी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, बाबा, ते हो दाबायचं राहिलं असेल तुमचं. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं, मान हलवली, नाही, आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

खेळणं त्यांनी सोडलं नव्हतं. हे मला दोन आठवड्यांनी कळलं, कारण आईने विचारलं, "ते तुह्यासंगं काऊन खेळून नाई राह्यले? एकटेच बसतेत फोन घिऊन." मी गेममध्ये त्यांना शोधलं. ते पहिल्या गावात होते, लाकडी पुलापाशी. तिथे मोठ्या खेळाडूंनी जाण्यासारखं काही नसतं. नवीन आलेली माणसं लांडग्यांकडून मार खाऊन पडायची आणि वेणीवाली वैद्य मुलगी त्यांच्यावर उजेड सोडून त्यांना उठवायची. ते उठून आभार मानायचे, ती नमस्कार करायची, ते निघून जायचे. माझा तलवारवाला तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने मला वाकून नमस्कार केला. दुसऱ्या सगळ्यांना केला होता तेवढाच. मग एक नवीन जण पडला आणि ती तिकडे गेली.

पुढच्या खोलीतल्या दिवाणावर बसून ते मला, तूही इतरांसारखीच, असं सांगत होते की आणखी काही, मला माहीत नाही. कदाचित काहीच सांगत नव्हते. त्यांना तिथे खरंच बरं वाटत असेल. पण मी फोन बंद केला.

दर रविवारी सकाळी बाबांची दाढी मी करायची. लढाई होऊन दीडेक महिना झाला असेल. आई बाहेर अंगणात भाजी निवडत होती. मी त्यांच्या गालाला साबण लावला आणि वस्तरा हातात घेऊन थांबले. मग म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी चुकले. मला तसं लिहायला नको होतं. मी तुम्हाला ओळखत नाही असं लिहायला नको होतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं तोंड हलायला लागलं. ओठ जुळायचे, सुटायचे. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. साबण ओघळून गळ्यावर आला. मला वाटलं त्यांना त्रास होतोय, मी त्यांचा हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला, श्वास घेतला, आणि म्हणाले,

"रँडम."

स्वच्छ, पूर्ण शब्द. लकव्यानंतर त्यांच्या तोंडून आलेला पहिला. आवाजात राग नव्हता. धड्यात आलेला नवा शब्द वर्गाला वाचून दाखवावा तसा तो त्यांनी म्हटला.

आईने बाहेरून तो ऐकला. भाजीची परात तशीच टाकून ती आत आली. तिचे हात ओले होते, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. "बोलले ते," ती म्हणाली. "काय म्हणाले? मले नाई समजलं. काय म्हणाले, सांग न."

मी तिला सांगायला हवं होतं. शब्द काय होता, तो कुठून आला, तो मी कुणाबद्दल लिहिला. माझ्या हातात वस्तरा होता आणि बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काही नाही आई, नुसता आवाज होता."

आईचा चेहरा उतरला. तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, व्हईल हळूहळू, असं काहीतरी म्हणाली आणि परत अंगणात गेली. बाबांनी डोळे मिटले आणि दाढीसाठी हनुवटी वर केली. मी दाढी पूर्ण केली. एवढी धडपड करून त्यांनी एक शब्द आणला होता, आणि तो शब्दच नव्हता असं मी त्यांच्यासमोर सांगितलं. टोळीतून काढलं त्यापेक्षा मला हे जास्त लागतं. टोळीत निदान त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं होतं. इथे मी फक्त स्वतःला वाचवलं.

त्याच आठवड्यात मी टोळीत लिहिलं की तुम्ही ज्याला काढायला लावलं तो वैद्य माझे वडील होते, त्यांचा एक हात चालत नाही. लिहितानाही मी माझ्याकडे काही दोष घेतला नाही, तुम्ही काढायला लावलं असंच लिहिलं. उपप्रमुखाचं उत्तर लगेच आलं. त्याला वाईट वाटलं होतं. भाई, पहले बताते, असं त्याने लिहिलं. आधी सांगितलं असतं तर त्यांच्यासाठी वेगळी जागा केली असती, हळू खेळणाऱ्याला टोळीत कामं काय कमी असतात. आणखी चार-पाच जणांनी बाबांना परत बोलवा म्हणून लिहिलं. गुहेत बाबांनी ज्याला उठवलं होतं त्या नवीन माणसाने काही लिहिलं नाही, तो केव्हाच खेळणं सोडून गेला होता. मी प्रमुखपद उपप्रमुखाला देऊन टाकलं आणि फोनवरून गेम काढला. सगळ्यांना वाटलं वडिलांच्या दुखण्यामुळे. मी तसं वाटू दिलं.

बाबा त्यानंतरही खेळत होते, जवळजवळ वर्षभर. मग तो गेमच बंद होणार असल्याचं कंपनीने कळवलं. अमुक दिवशी दुपारी सर्व्हर बंद होईल, असं. ती सूचना त्यांच्या फोनवर आली तेव्हा त्यांनी ती मला दाखवली नाही. मला बसमध्ये शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीच्या बोलण्यातून कळलं. त्या दिवशी रजा टाकून घरी राहता आलं असतं. गेम परत घेऊन त्या पुलावर जाता आलं असतं. मी दोन्ही विचार केले आणि कार्यालयात गेले. जमाबंदीचं, म्हणजे वर्षाच्या महसुली हिशेबाचं, काम आहे असं कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं. आईने संध्याकाळी सांगितलं की ते दुपारभर फोन घेऊन बसले होते, मग फोन अडकला वाटतं, पडदा हलेना, तरी बराच वेळ बघत होते, मग फोन बंद करून झोपले.

आईला मी सगळं सांगितलं ते यानंतर, एका दुपारी, बाबा आत झोपलेले असताना. टोळी म्हणजे काय, मी काय लिहिलं, दाढीच्या दिवशी ते काय म्हणाले होते. गेमचं तिला फारसं समजलं नाही. शेवटी म्हणाली,

"मंग त्या दिवशी ते बोललेच होते."

हो, मी म्हटलं.

"मी वर्षभर वाट पाहून राह्यली त्यायच्या पहिल्या शब्दाची," ती म्हणाली आणि उठून पाणी प्यायला गेली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

बाबांना आता बरेच शब्द येतात. पाणी, चहा, बस, ये, नको. आईचं नाव येतं, जे त्यांनी आधी कधी आमच्यासमोर घेतलं नव्हतं. माझ्याशी ते चांगले आहेत. मी कार्यालयातून आले की, आली, म्हणतात. मी कधी उशिरा आले तर खिडकीत बसलेले असतात. रागावले असते, तोंड फिरवलं असतं, तर माफी मागायला जागा राहिली असती. तशी ती राहिलेली नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो आता निर्मलला शिक्षक आहे, व्हिडिओ कॉल करायचं ठरवलं. बाबांना ते लावता येत नव्हतं. मी पुढे झाले आणि म्हटलं, द्या, मी शिकवते. त्यांनी फोन माझ्याकडे दिला नाही. हळूच म्हणाले, नको. आणि आईला हाक मारली. आईला यातलं काही येत नाही. ती चष्मा लावून त्यांच्याशेजारी दिवाणावर बसली, आणि दोघं त्या फोनमध्ये डोकं घालून हे दाब, ते दाब करत राहिले. दोनदा कॉल कटला. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि कोणतं बटण दाबायचं ते मला तिथूनही दिसत होतं. तिसऱ्यांदा त्यांचं त्यांनाच जमलं. तिकडून आवाज आला, "गुरुजी, नमस्कार," आणि बाबांनी बऱ्याच प्रयत्नाने, पण आपल्या तोंडाने, त्याला नमस्कार म्हटलं.